वर्गातली खेळती हवा : बडोद्यात नव्याने शिकवायला येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दुपारी अडीचच्या तासाला साठ जणांच्या वर्गातली निम्मी मुले पेंगू लागली, की नव्याने रुजू झालेला अध्यापक बहुधा स्वतःच्या शिकवण्याला दोष देतो, नाही तर मुलांच्या जेवणाला. यांपैकी एखादे कारण खरेही असेल. परंतु त्या निष्कर्षाला येण्याआधी त्याने वर्गाबाहेर जाऊन दोन-तीन मिनिटे व्हरांड्यात उभे राहावे आणि मग पुन्हा आत यावे. दारातून आत येताच जो उबट, कोंदट वास जाणवतो, तो आत बसलेल्या कोणालाही जाणवत नसतो, कारण नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. बडोद्यात बावीस वर्षे वेगवेगळ्या इमारतींमध्ये शिकवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, नव्या अध्यापकाने पहिल्याच आठवड्यात आपल्याला मिळालेल्या वर्गाची हवा समजून घेतली पाहिजे.

हे समजून घेताना एक गोष्ट आरंभीच मनात पक्की असावी. ताजी हवा आणि थंडावा या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीची पूर्तता झाली म्हणजे दुसरीची आपोआप होत नाही. एसी लावलेला वर्ग थंड असूनही कमालीचा कोंदट असू शकतो आणि मे महिन्यात सगळ्या खिडक्या सताड उघडलेला वर्ग ताज्या हवेचा असूनही भट्टीसारखा तापू शकतो. म्हणून पुढील क्रमात आधी हवेचा विचार आहे, नंतर उष्णतेचा आणि यंत्रांचा सर्वांत शेवटी.

पहिली पायरी : रिकामा वर्ग पाहणे

सकाळी तास सुरू होण्याआधी अर्धा तास लवकर जाऊन वर्ग रिकामा असताना पाहावा. मोजपट्टी, वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य लागते. लांबी, रुंदी आणि छताची उंची मोजून लिहावी. कोणती भिंत कोणत्या दिशेला आहे ते नोंदवावे. आणि मग प्रत्येक खिडकी व प्रत्येक झडप स्वतःच्या हाताने उघडून पाहावी. नुसते पाहून खिडक्या मोजण्यात अर्थ नाही, कारण दिसणारी खिडकी आणि उघडणारी खिडकी यांत पुष्कळ अंतर असते.

एका महाविद्यालयात मला मिळालेल्या वर्गात दाराच्या वरच्या बाजूला चार व्हेंटिलेटर होते. मधल्या आसावर फिरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या त्या लाकडी झडपा होत्या आणि प्रत्येकीला ओढायची दोरी होती. दोऱ्या लोंबत होत्या, परंतु ओढल्या तरी झडप हलत नव्हती. शिपाईकाकांनी शिडी आणली, तेव्हा उलगडा झाला : दर रंगकामाच्या वेळी झडपेवर आणि चौकटीवर एकत्रच ऑइलपेंट फिरवला गेला होता आणि त्याचे थर साचून फट पार बुजली होती. काका म्हणाले, “सर, मी लागल्यापासून तरी ही उघडलेली पाहिली नाही.” सुताराने पटाशीने कडेने रंग खरवडला, दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर तेलाचे थेंब सोडले आणि तळहाताने हलका ठोका दिला, तेव्हा झडप करकरत आडवी झाली आणि वर्षानुवर्षांची धूळ आमच्या डोक्यावर उतरली. चारही झडपा सुटायला दीड तास लागला. त्या दुपारी वर्गात जो फरक पडला, तो मी आजवर कोणत्याही यंत्राने पडलेला पाहिलेला नाही.

खिडक्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. बिजागऱ्यांवर बाहेर उघडणारी जुनी लाकडी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. तिच्या जागी बसवलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी मात्र कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, कारण एक तावदान दुसऱ्याच्या मागे जाऊन उभे राहते. नूतनीकरणात अशा खिडक्या बसल्या असतील, तर वर्गाची हवा न कळत निम्मी झाली आहे असे समजावे. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोल्यांसाठी, उघडणाऱ्या जागेचे एकूण क्षेत्रफळ कोरड्या-उष्ण हवामानात जमिनीच्या किमान एक दशांश आणि दमट-उष्ण हवामानात एक षष्ठांश असावे असे प्रमाण दिलेले आहे. बडोद्याचा मे महिना कोरडा आणि ऑगस्ट दमट असल्यामुळे मोठे प्रमाणच धरावे. म्हणजे ९ मीटर बाय ७ मीटरच्या वर्गात साधारण साडेदहा चौरस मीटर जागा खरोखर उघडली पाहिजे. आणि घरातल्या खोलीत साठ माणसे बसत नाहीत, हे लक्षात घेता हीदेखील किमान अपेक्षाच होय.

दुसरी पायरी : उदबत्तीची परीक्षा

हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे उदबत्तीइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. पंखे बंद करावेत, खिडक्या उघडाव्यात आणि पेटवलेली उदबत्ती घेऊन आधी खिडकीपाशी, मग मधल्या बाकांपाशी, मग शेवटच्या कोपऱ्यात आणि अखेरीस फळ्यापाशी प्रत्येकी मिनिटभर थांबावे. धूर आडवा वाहत गेला, तर तिथे हवा खेळती आहे. सरळ वर चढून तिथल्या तिथे पसरला, तर ती जागा कोंडलेली आहे. माझ्या अनुभवात ही कोंडलेली जागा बहुतेक वेळा आतल्या भिंतीलगतच्या शेवटच्या दोन बाकांची असते आणि उशिरा येणारी मुले नेमकी तिथेच बसतात. वर्गात धुराचा इशारा देणारी यंत्रणा असेल, तर ही परीक्षा करण्याआधी कार्यालयाला कळवावे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना यामागचे तत्त्व शिकवावे लागत नाही. रस्त्याकडच्या खिडकीतून आलेला वारा माजघरातून चौकात जाई आणि चौकातून वर निघून जाई. देवघरातल्या उदबत्तीचा धूर त्याच वाटेने जाताना आम्ही रोज पाहत असू. वर्गालाही हेच लागू पडते. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट हवी, आणि या दोन वाटा समोरासमोर असाव्यात. एकाच भिंतीला खिडक्या असतील, तर ताजी हवा छताच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट अंतरापर्यंतच पोहोचते. समोरासमोर उघडी जागा असेल, तर पाचपट खोलीपर्यंतही हवा खेळू शकते. व्हरांड्याकडचे दार बंद केले, की दुसरी वाटच बंद होते. म्हणून आवाजासाठी दार लावावेच लागत असेल, तर दारावरची झडप उघडी असलीच पाहिजे. गरम हवा वर चढते, त्यामुळे उंचावरची झडप वारा पडलेल्या दिवशीही थोडेफार काम करत राहते.

बडोद्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येतो, तर हिवाळ्यात उत्तर व ईशान्येकडून. आपल्या वर्गाची कोणती खिडकी कोणत्या ऋतूत आत घेणारी आणि कोणती बाहेर सोडणारी, हे एकदा कळले की रोज विचार करावा लागत नाही.

तिसरी पायरी : श्वासांचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक अध्यापकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा, असे मला मनापासून वाटते, कारण त्यानंतर खिडकी उघडण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. शांत बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. साठ जणांचे मिळून तासाला १,०८० लिटर, म्हणजे एक घनमीटरहून थोडे जास्त होते. आपला वर्ग ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच धरला, तर त्यात सुमारे २०८ घनमीटर हवा मावते. वर्ग पूर्णपणे बंद असेल, तर या वायूचे प्रमाण तासाला सुमारे ५,२०० पीपीएमने, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांमागे ५,२०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते आज ४२० पीपीएमच्या आसपास असते. तेव्हा ४२० पासून १,००० पर्यंत पोहोचायला सात मिनिटेसुद्धा लागत नाहीत. हजेरी घेऊन होईपर्यंतच ती मर्यादा ओलांडली जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असल्याने वेग काहीसा कमी असतो, परंतु दिशा तीच.

१,००० पीपीएम ही खूण म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली सुचवली होती आणि ती आजही उपयोगी पडते. इतक्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो; कोंडलेल्या हवेचा तो दर्शक आहे. उच्छ्वासात त्याचे प्रमाण सुमारे ४०,००० पीपीएम असते, त्यामुळे मापकावर २,४०० दिसले तर त्याचा अर्थ असा, की आपण घेत असलेल्या हवेचा साधारण विसावा भाग आधी कोणाच्या तरी फुफ्फुसांतून जाऊन आलेला आहे. क्षय, गोवर, कोविड हे हवेतून पसरणारे रोग डोळ्यांपुढे आणले, की या विसाव्या भागाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली निवासेतर इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी, अशी शिफारस केली. साठ जणांसाठी ती सेकंदाला ६०० लिटर, म्हणजे तासाला २,१६० घनमीटर होते. म्हणजेच आपल्या वर्गातली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलली पाहिजे. हा आकडा मोठा वाटतो, परंतु समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघड्या असतील आणि बाहेर मंद वारा असेल, तर तो सहज गाठता येतो. एका बाजूची खिडकी किलकिली ठेवून मात्र तो कधीच गाठला जात नाही.

चौथी पायरी : मापक आणि निम्म्याची वेळ

विभागाकडे कार्बन डायऑक्साइडचा मापक असेल, तर उत्तम. घ्यायचा असेल, तर तो अवरक्त किरणांनी मोजणारा, म्हणजे ‘एनडीआयआर’ प्रकारचा असल्याची खात्री करावी. काही स्वस्त उपकरणे इतर वायूंवरून केवळ अंदाज बांधतात. सुगंधी फवारा मारला तरी त्यांचा आकडा उसळतो, त्यामुळे ती निरुपयोगी होत. मापक आधी बाहेर झाडाखाली ठेवून पाहावा, तिथे तो ४२० ते ४५० च्या दरम्यान दाखवायला हवा. वर्गात तो खिडकीत किंवा कोणाच्या तोंडासमोर न ठेवता, मध्यभागी बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा.

तास संपून मुले बाहेर गेली, की खरी चाचणी करता येते. समजा त्या क्षणी आकडा १,६२० आहे आणि बाहेर ४२० आहे. म्हणजे जादा भाग १,२०० चा. हा जादा भाग निम्मा होऊन आकडा १,०२० वर यायला किती मिनिटे लागतात, ती ‘निम्म्याची वेळ’ घड्याळात पाहावी आणि ४२ या संख्येला त्या मिनिटांनी भागावे. चौदा मिनिटे लागली, तर हवा तासाला तीन वेळा बदलते. चार मिनिटे लागली, तर दहा वेळा. हीच चाचणी दार लावून, दार उघडून, वरच्या झडपा उघडून अशी तीन-चार प्रकारे केली, तर आपल्या वर्गात नेमका कशाने फरक पडतो, ते आठवड्याभरात कळते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना हा छोटासा प्रकल्प म्हणूनही देता येतो.

पाचवी पायरी : ऋतूनुसार शिस्त

नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणून पावसापासूनच सुरुवात करू. पहिल्या सरींबरोबर वर्गातल्या खिडक्या धडाधड लावल्या जातात आणि पाऊस थांबल्यावरही तशाच राहतात. ही सवय आधी मोडावी. ज्या बाजूने झड येते, तेवढीच बाजू लावावी आणि आडोशाची बाजू व छज्ज्याखालच्या झडपा उघड्या ठेवाव्यात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगावरून वारा जाणे हाच त्या दिवसांत सुखाचा मुख्य आधार असतो. ओल्या छत्र्या आणि रेनकोट वर्गात न आणता व्हरांड्यात ठेवायला सांगावे, कारण साठ छत्र्यांतून निथळणारे पाणी त्याच हवेत मिसळते. तळमजल्यावरच्या वर्गांनी तर अधिकच जपावे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा शहराच्या अनेक भागांत तळमजल्यांत पाणी शिरले होते आणि अशा भिंती वरवर वाळलेल्या दिसल्या तरी आतून फार दिवस ओल सोडतात. बुरशीचे काळे ठिपके दिसले, तर त्यांवर रंग मारून घेऊ नये. आधी ओल कुठून येते ते शोधून भिंत पुरती वाळू द्यावी.

ऑक्टोबरचा उकाडा आणि हिवाळा यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. हिवाळ्यात सकाळच्या तासाला मुले गारठ्यामुळे खिडक्या लावतात. त्या वेळी खालच्या खिडक्या लावून वरच्या झडपा उघड्या ठेवल्या, तर झोत अंगावर येत नाही आणि हवाही बदलते. या दिवसांत धूर आणि धूळ जमिनीलगत साचते, म्हणून गर्दीच्या रस्त्याकडची खिडकी लावून आवाराकडची उघडावी. हवा वाईट आहे म्हणून सगळेच बंद करून घेणे मात्र योग्य नव्हे, कारण मग बाहेरची धूळ थोडी कमी आणि आतला श्वास पुष्कळ जास्त, असा तोट्याचा व्यवहार होतो.

ऋतू कोणताही असो, दोन तासांच्या मधली दहा मिनिटे वर्ग पूर्ण उघडा राहिला पाहिजे. हे काम शिपाईकाकांवर न सोडता प्रत्येक बाकाच्या रांगेतून एका विद्यार्थ्याकडे आपल्या बाजूची खिडकी सोपवावी. प्रोजेक्टरसाठी काळे पडदे ओढले जातात, तेव्हा हवाही अडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही; ज्या पडद्यावर चित्र पडते, त्याच्यालगतच्या दोनच खिडक्या झाकून मागच्या उघड्या ठेवल्या, तरी चित्र पुरेसे स्पष्ट दिसते.

सहावी पायरी : पंखे

छताचा पंखा हवा बदलत नाही, तो असलेली हवा फिरवतो. तरीही त्याचे मोल मोठे आहे, कारण अंगावरून सेकंदाला एक मीटर वेगाने वारा गेला, की शरीराला दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. ९ बाय ७ मीटरच्या वर्गाला १,२०० मिलिमीटरचे सहा पंखे हवेत आणि ते बाकांच्या डोक्यावर हवेत. अनेक ठिकाणी ते खांबांच्या सोयीने लावलेले असतात आणि कोपरे कोरडे राहतात. पंखा पूर्ण वेगावरही मंद फिरत असेल, तर नवा मागवण्याआधी वायरमनकडून कपॅसिटर बदलून घ्यावा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. पातींवरची धूळ वर्षातून दोनदा पुसावी. नवे घ्यायचेच असतील, तर ‘बीएलडीसी’, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे, पंखे घ्यावेत. जुन्या पंख्याला ७० ते ८० वॅट लागतात, तिथे यांचे काम ३० वॅटच्या आसपास भागते.

परीक्षेच्या दिवशी कागद उडतात म्हणून मुले पंखे बंद करतात आणि तीन तास घामात लिहितात. हे मला पाहवत नाही. उत्तरपत्रिकेवर ठेवायला लाकडी पट्टी किंवा फरशीचा गुळगुळीत तुकडा देण्याची व्यवस्था विभागाने करावी. तिला नाममात्र खर्च येतो.

सातवी पायरी : उन्हाळ्याची तयारी

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गच्चीखालच्या वर्गात छतच तापून उष्णता खाली सोडू लागते. अशा वेळी खिडक्यांचा नियम उलटा होतो : पहाटे आणि सकाळी त्या उघड्या, आणि अकराच्या सुमारास बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली, की खालच्या खिडक्या निम्म्या लावून घ्यायच्या. पूर्ण लावायच्या नाहीत, कारण साठ जणांच्या श्वासांचा हिशेब उन्हाळ्यातही तोच असतो. रात्री मात्र वर्ग उघडा राहिला तर भिंतींतली उष्णता निघून जाते. सुरक्षेचा प्रश्न असल्यास गज आणि जाळी असलेल्या वरच्या झडपा तरी उघड्या ठेवाव्यात. जाळी पारव्यांसाठी लागतेच, परंतु धुळीने बुजलेली जाळी भिंतीसारखीच असते, म्हणून ती महिन्यातून एकदा ब्रशने झाडून घ्यावी.

जाड भिंती आणि उंच छत यांचे काम पाहायचे असेल, तर उन्हाळ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विद्याशाखेच्या घुमटाच्या इमारतीत जाऊन यावे. विद्यापीठ १९४९ सालचे. ही इमारत त्याआधीची, १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची असून वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी तिची रचना केली. विजेच्या पंख्यांवर भिस्त ठेवता येत नव्हती, त्या काळातल्या या इमारतीत उष्ण हवेला वर चढायला जागा ठेवलेली आहे. आपल्याला तशी इमारत नव्याने बांधता येत नाही. पण गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग लावून घेता येतो, आणि गुजरातेत परंपरेने चालत आलेली पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी, म्हणजे चायना मोझॅक, करून घेता येते. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली द्यावी. आतला पडदा प्रकाश अडवतो, परंतु तोवर उष्णता काचेतून आत आलेलीच असते. वाळ्याचे पडदे बाहेरून टांगून दुपारी त्यांवर पाणी शिंपडले, तर कोरड्या दिवसांत त्यांतून येणारी हवा सुगंधीही असते आणि गारही.

किती तापमान सोसण्याजोगे मानावे, याचे उत्तर आपल्याच शेजारी तयार झाले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय इमारतींच्या अभ्यासातून जे सूत्र निघाले, त्यानुसार खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत सुखावह तापमान काढण्यासाठी मागच्या तीस दिवसांच्या बाहेरच्या सरासरीला ०.५४ ने गुणून त्यात १२.८३ मिळवायचे असतात आणि त्याच्या खाली-वर सुमारे २.४ अंशांची मुभा असते. मे महिन्यात सरासरी ३३ धरली, तर उत्तर ३०.६ येते, म्हणजे ३३ अंशांपर्यंत बहुतेकांना चालते; जानेवारीत २१ धरली, तर २४ च्या आसपास. शरीर ऋतूला सरावते, हेच हे सूत्र सांगते. बाहेर ४२ अंश असताना वर्ग २० अंशांवर नेण्याचा हट्ट म्हणूनच मला अनाठायी वाटतो.

आठवी पायरी : कूलर, एक्झॉस्ट आणि एसी

कूलर मार्च ते मध्य जूनपर्यंतच उपयोगाचा आहे, कारण पाण्याची वाफ व्हायला हवा कोरडी लागते. तो खिडकीत, पाठ बाहेरच्या बाजूला करून बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी; बंद खोलीत ठेवलेला कूलर तासाभरात वर्ग दमट करून टाकतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी, म्हणजे डेंग्यूचे डास वाढत नाहीत.

एक्झॉस्ट पंखा घेताना त्याच्या पट्टीवर तासाला किती घनमीटर हवा काढतो, ते वाचून आपल्या २,१६० च्या गरजेशी ताडून पाहावे. तो ज्या भिंतीला बसेल, त्या भिंतीजवळची खिडकी बंद हवी आणि समोरची उघडी. अन्यथा तो शेजारच्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकत राहतो आणि मुलांना तिचा काडीमात्र उपयोग होत नाही.

एसीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो बाहेरची हवा आत आणतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत सोडतो. बाहेरच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळ्यांतून हवा येत-जात नाही. साठ माणसे प्रत्येकी सुमारे १०० वॅट उष्णता देतात, म्हणजे एकूण सहा किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा छत आणि भिंतींची उष्णता सोडून नुसत्या माणसांसाठीच पावणेदोन टन क्षमता खर्ची पडते. ही मागणी कमी दिसावी म्हणून कोणी सगळ्या फटी पट्टीने बंद करून घेते, आणि मग तिसऱ्या तासाला सगळ्यांची डोकी दुखू लागतात. एसीच्या वर्गात एक छोटा एक्झॉस्ट सतत चालू असावा आणि समोरची एक झडप उघडी असावी. विजेचा थोडा जादा खर्च येतो आणि तो रास्त आहे. १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरुवातीला २४ अंशांवरच लागतील अशी तरतूद झाली आहे. वर्गात तो २६ वर ठेवून वर पंखा मंद चालवला, तर पुढच्या बाकावर कुडकुडणे आणि मागच्या बाकावर घाम, हा नेहमीचा पक्षपातही टळतो.

नववी पायरी : कार्यालयाला लिहिणे

मोजमापे हाती आल्यावरच अर्ज करावा. “वर्गात फार उकडते” असा अर्ज वर्षाला किती येतात, हे कार्यालयातल्या माणसाला विचारावे, म्हणजे आपल्या अर्जाचे काय होईल तेही कळेल. त्याऐवजी वर्गाचा क्रमांक, जागेची मापे, बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, न उघडणाऱ्या खिडक्यांची संख्या, निम्म्याची वेळ किती मिनिटे आली आणि कोणत्या दिवशी कोणत्या वेळी मोजली, इतके एका पानावर लिहावे. मागण्या खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडाव्यात : आधी सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी, मग कपॅसिटर आणि जाळ्या, मग गच्चीचा चुना, मग एक्झॉस्ट. पहिल्या दोन गोष्टी बहुधा विभागप्रमुखांच्या अधिकारातच होऊन जातात आणि त्यांतूनच बरेचसे काम भागते.

रंगकामाचे वेळापत्रक कधी आहे, तेही त्याच वेळी विचारून ठेवावे. रंगारी आले, की झडपा उघड्या ठेवूनच रंग लावायला सांगावे आणि रंग ओला असतानाच संध्याकाळी जाऊन प्रत्येक झडप एकदा हाताने फिरवून यावी.